बिल आपोआप, भांडण सावकाश

११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर अमेरिकेत काही दिवस सगळी विमानं जमिनीवर होती. प्रवासी अडकले, तसे चेकही अडकले. त्या काळी अमेरिकन बँका वटवायला आलेले चेक गठ्ठे बांधून विमानानं एकमेकींकडे पाठवत. विमानं थांबली तशी घरभाड्याची, वीजबिलांची, व्यापाऱ्यांच्या देण्याघेण्याची रक्कम वाटेतच लटकली. तो अनुभव ताजा असतानाच तिथल्या संसदेनं ‘चेक २१’ नावाचा कायदा केला. २८ ऑक्टोबर २००४पासून तो लागू झाला आणि चेकच्या छायाचित्रावरून छापलेल्या नकलेला मूळ चेकचा दर्जा मिळाला. कागद फिरवायची गरज संपली. बँकांनी सुटकेचा नि:श्वास टाकावा, तर त्यांच्या दारात एक पेटंटधारक आधीच येऊन उभा होता.

डेटाट्रेझरी ही तशी चिमुकली कंपनी. तिचे संस्थापक क्लॉडिओ बॅलार्ड यांना १९९९ आणि २०००मध्ये दोन पेटंटं मिळाली होती. जिथे चेक किंवा पावती हातात येते तिथेच ती स्कॅन करायची, ती प्रतिमा आणि तिच्यावरचे आकडे सांकेतिक रूपात मध्यवर्ती संगणकाकडे धाडायचे, तिथे ते जपून ठेवायचे आणि हिशेब जुळवायचा, अशी ती पद्धत. चेक २१ आल्यावर देशातली जवळपास प्रत्येक मोठी बँक हेच करू लागणार होती. कंपनीनं टेक्सासमधल्या केंद्रीय न्यायालयात बँकांवर दाव्यांची माळच लावली. जेपी मॉर्गन चेसनं २००५मध्ये तडजोड करून सुमारे ७ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. बाकीच्यांपैकी काहींनी कोर्टाबाहेर मिटवलं, काहींनी लढायचं ठरवलं. यूएस बँक लढली आणि मार्च २०१०मध्ये ज्यूरीनं तिच्यावर २ कोटी ६६ लाख डॉलरचा भुर्दंड बसवला.

कोर्टातली लढाई चालू असतानाच बँकांनी संसदेचं दारही ठोठावलं. सिनेटर जेफ सेशन्स यांनी पेटंट सुधारणा विधेयकात एक दुरुस्ती सुचवली: चेकच्या प्रतिमा पाठवल्याबद्दल बँकांना पेटंटाची भरपाई द्यावी लागू नये. त्यावर संसदेच्याच अर्थसंकल्प कार्यालयानं बोट ठेवलं की एकाची मालमत्ता अशी कायद्यानं निकामी केली तर त्याची भरपाई सरकारला द्यावी लागू शकेल आणि तो आकडा १०० कोटी डॉलरच्या घरात जाईल. एका छोट्या कंपनीच्या दोन पेटंटांसाठी देशाच्या तिजोरीचा अंदाज मांडावा लागला, हे दृश्य दुर्मीळच. ती दुरुस्ती बारगळली. पण बँकांनी पाठ सोडली नाही आणि सप्टेंबर २०११च्या ‘अमेरिका इन्व्हेंट्स’ कायद्यात कलम १८ आलं. आर्थिक सेवेच्या व्यवहारपद्धतीवरची पेटंटं, मग ती कितीही जुनी असोत, पेटंट कार्यालयाच्याच मंडळापुढे फेरतपासणीला नेण्याची सोय त्यात होती. ज्याच्यावर दावा झाला आहे त्यालाच ती वापरता येई, आणि मुदत होती आठ वर्षांची. ज्या पेटंटांवरून एवढं रामायण घडलं, तीही अखेर याच मार्गानं गेली. २०१५मध्ये मंडळानं डेटाट्रेझरीच्या पेटंटांतले दावे रद्द ठरवले आणि अपील न्यायालयानं ते कायम केलं.

मग आधी दिलेल्या पैशांचं काय? बहुतेकांचे गेले ते गेलेच. पेटंट उद्या रद्द झालं तरी काल झालेल्या तडजोडीचे पैसे परत मागता येत नाहीत, असा तिथला सर्वसाधारण व्यवहार. जेपी मॉर्गन मात्र वेगळ्याच वाटेनं वाचली. तिच्या वकिलांनी करारात एक कलम घालून ठेवलं होतं: पुढे कुणाला याहून स्वस्तात परवाना दिलात, तर तोच भाव आम्हालाही. डेटाट्रेझरीनं नंतर एका लहान बँकेला अवघ्या अडीच लाख डॉलरमध्ये परवाना दिला. जेपी मॉर्गननं कलमावर बोट ठेवलं, आणि २०१६मध्ये न्यायालयानं डेटाट्रेझरीला ६ कोटी ९० लाख डॉलर परत करायला सांगितले. पेटंटाच्या गुणदोषांशी या निकालाचा काडीचाही संबंध नव्हता.

बिलं, पावत्या, इनव्हॉइस आणि त्यांचं चुकतं करणं यांच्या पेटंटांवर गेल्या पंचवीस वर्षांत जे खटले झाले, त्यांत हाच नमुना पुन:पुन्हा दिसतो. पेटंट टिकणार की नाही हे ठरायला दहा-पंधरा वर्षं जातात. पैसे मात्र पहिल्या दोन-चार वर्षांतच हात बदलतात. कुणाचं किती नुकसान झालं हे बऱ्याचदा शोधाच्या मोठेपणावर ठरलं नाही. दावा कोणत्या साली झाला आणि समोरच्याला दम किती होता, यावर ते ठरलं.

अशा पेटंटांच्या लाटेची सुरुवात एका म्युच्युअल फंडाच्या हिशेबापासून झाली. सिग्नेचर फायनान्शियल ग्रुप या कंपनीकडे एक पेटंट होतं. अनेक फंडांचे पैसे एका सामायिक गुंतवणुकीत ठेवायचे आणि नफा-तोटा, खर्च, कर यांची रोजच्या रोज संगणकानं वाटणी करायची, असं त्याचं स्वरूप. बोस्टनच्या स्टेट स्ट्रीट बँकेनं त्याला आव्हान दिलं. जुलै १९९८मध्ये पेटंटविषयक अपील न्यायालयानं निकाल दिला की व्यवहाराची पद्धत आहे एवढ्याच कारणानं पेटंट नाकारता येत नाही. संगणकाच्या गणितातून शेअरची किंमत यासारखं उपयोगी आणि ठोस काही निघत असेल तर ते पुरे. इंटरनेटची तेजी ऐन भरात होती. अमेरिकन पेटंट कार्यालयाच्या ७०५ या वर्गात, म्हणजे व्यापारी हिशेबाच्या खात्यात, अर्जांची रीघ लागली. मुनीम पिढ्यान् पिढ्या जे करत आला, त्याच्या शेवटी ‘संगणकाद्वारे’ असं जोडलं की नवा शोध, अशी थट्टा तेव्हा होत असे. ती फारशी अतिशयोक्ती नव्हती.

त्या लाटेतलं सर्वांत गाजलेलं पेटंट अॅमेझॉनचं, एका क्लिकमध्ये खरेदीचं. सप्टेंबर १९९९मध्ये ते मिळालं, महिन्याभरात बार्न्स अँड नोबलवर दावा झाला, डिसेंबरमध्ये मनाई हुकूम आला आणि २००१मध्ये अपिलात तो उठला. त्याच्याविषयी इतकं लिहून झालं आहे की इथे थांबायचं कारण नाही.

थांबण्यासारखी गोष्ट आहे सोव्हरेनची. १९९०च्या दशकात ओपन मार्केट नावाची एक खरीखुरी सॉफ्टवेअर कंपनी होती. तिनं ऑनलाइन विक्रीची प्रणाली बनवली आणि तिची पेटंटं घेतली. त्यांतल्या एकाचा विषय होता इंटरनेटवर दिसणारं खात्याचं विवरणपत्र: ग्राहकानं महिन्याच्या व्यवहारांची यादी उघडायची आणि एखाद्या व्यवहारावर क्लिक करून त्याचा तपशील पाहायचा. आज कोणत्याही वीज कंपनीच्या संकेतस्थळावर दिसतं तेच. ओपन मार्केट विकली गेली, तिला विकत घेणारी कंपनी दिवाळ्यात गेली, आणि पेटंटं सोव्हरेनच्या हाती आली. २००५मध्ये अॅमेझॉननं सोव्हरेनला ४ कोटी डॉलर देऊन विषय मिटवला. मग पाळी आली न्यूएगची. संगणकाचे सुटे भाग विकणाऱ्या या कंपनीनं धोरणच ठरवलं होतं की असल्या दाव्यांत तडजोड करायची नाही. २०१०मध्ये टेक्सासच्या ज्यूरीनं तिला २५ लाख डॉलर भरायला सांगितले. कंपनी अपिलात गेली. जानेवारी २०१३मध्ये अपील न्यायालयानं म्हटलं की कॉम्प्युसर्व्हच्या ‘मॉल’वर लोक वर्ल्ड वाइड वेबच्याही आधी अशी खरेदी करत होते, तेव्हा या दाव्यांत नवं काही नाही. दावे रद्द झाले. अॅमेझॉनचे ४ कोटी मात्र सोव्हरेनकडेच राहिले.

मोठ्या उद्योगांच्या खरेदी विभागातही असंच नाट्य घडत होतं. ईप्लस या कंपनीकडे इलेक्ट्रॉनिक खरेदीची पेटंटं होती: अनेक पुरवठादारांच्या सूचीत एकदम शोध घ्यायचा, मागणीपत्र तयार करायचं आणि त्यातून परचेस ऑर्डरी काढायच्या. इनव्हॉइस येण्याआधीचा हा टप्पा, आणि आजच्या खरेदी ते भरणा अशा सलग प्रणालींचा पाया. अरिबानं २००५मध्ये ३ कोटी ७० लाख डॉलर देऊन ईप्लसशी समेट केला. लॉसन सॉफ्टवेअर लढत राहिली. ज्यूरी विरुद्ध गेली, मनाई हुकूम झाला, तो पाळला नाही म्हणून अवमानाबद्दल १ कोटी ८२ लाख डॉलरचा दंडही झाला. तेवढ्यात पेटंट कार्यालयाच्या फेरतपासणीत पेटंटातला शिल्लक राहिलेला दावाच रद्द झाला आणि २०१४मध्ये अपील न्यायालयानं हुकूम आणि दंड दोन्ही पुसून टाकले.

टेक्सासचं नाव वारंवार येतं ते उगाच नाही. त्या राज्याच्या पूर्व भागातलं मार्शल हे लहानसं गाव अनेक वर्षं पेटंट दाव्यांची पंढरी होतं. दावा लवकर सुनावणीला येई, ज्यूरी पेटंटधारकाकडे झुकलेली मानली जाई, आणि बचाव करणाऱ्या कंपन्यांना गावकऱ्यांची मर्जी राखणं भाग वाटे. सॅमसंगनं तर न्यायालयासमोरच्या बर्फावरच्या स्केटिंगच्या मैदानाला आपल्या नावानं प्रायोजकत्व दिलं होतं. मे २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दावा कुठे लावता येईल याचे नियम आवळले, तेव्हा तिथली गर्दी ओसरली.

कोटींच्या आकड्यांमागे खरा त्रास दिसत नाही. तो हजारांच्या आकड्यांत होता. ईऑन-नेट या कंपनीचं पेटंट कागदी दस्तऐवज स्कॅन करून त्यांतली माहिती संगणकात भरण्याबद्दलचं. बिलांच्या कागदांवरून आकडे टिपणाऱ्या कोणत्याही कार्यालयाला ते लावता येईल, असा तिचा होरा. ती आणि तिच्या भावंड कंपन्या यांनी मिळून शंभरावर दावे लावले. दावा लावायचा आणि लगेच पत्र धाडायचं: २५ हजार ते ७५ हजार डॉलर द्या, मिटवून टाकू. फ्लॅगस्टार या मिशिगनच्या बँकेनं लढायचं ठरवलं, तेव्हा पेटंटातल्या शब्दांचा अर्थ ठरवण्याच्या पहिल्या सुनावणीपर्यंतच तिचे ६ लाख डॉलरवर खर्च झाले. हे गणित समोर असताना ‘भीक नको पण कुत्रा आवर’ म्हणत पैसे देऊन मोकळं होणारे पुष्कळ निघतात, यात नवल नाही. २०११मध्ये अपील न्यायालयानं ईऑन-नेटच्या या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले आणि फ्लॅगस्टारचा वकिलांचा खर्च तिच्याकडून वसूल करण्याचा आदेश कायम ठेवला.

एमपीएचजे ही त्याहून धीट. कार्यालयातल्या यंत्रावर कागद स्कॅन करून थेट ईमेलनं पाठवणं हा आपला शोध आहे असं सांगत तिनं आणि तिच्या नावापुरत्या उपकंपन्यांनी सोळा हजारांवर छोट्या व्यवसायांना पत्रं धाडली. दर साधारण माणशी हजार डॉलर. यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांना हात न लावता यंत्र वापरणाऱ्यांना गाठायचं, ही यातली खरी चलाखी. व्हरमाँट राज्याच्या अॅटर्नी जनरलनी २०१३मध्ये तिच्यावर खटला भरला आणि त्याच वर्षी त्या राज्यानं खोट्या हेतूनं केलेल्या पेटंट दाव्यांविरुद्ध कायदा केला. देशातला तसा पहिलाच.

न्यायालयांचं मन एका दिवसात पालटलं नाही. २००६मध्ये ईबेच्या ‘आत्ताच घ्या’ बटणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पेटंटाचा भंग झाला म्हणजे मनाई हुकूम आपोआप मिळत नाही. पेटंटधारकाच्या हातातली सगळ्यात मोठी धमकी तिथे बोथट झाली. २०१०मध्ये बिल्स्की खटल्यात ऊर्जेच्या भावातली जोखीम सांभाळण्याची पद्धत अमूर्त कल्पना ठरली. आणि १९ जून २०१४ला अॅलिस खटल्याचा निकाल आला. अॅलिस या ऑस्ट्रेलियन कंपनीचं पेटंट होतं दोन पक्षांच्या देण्याघेण्यात त्रयस्थानं मध्ये राहून व्यवहार पुरा करण्याबद्दलचं. समोर होती परकीय चलनाचे व्यवहार पुरे करणारी सीएलएस बँक. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी एकमतानं झालेल्या निकालात दोन पायऱ्या घालून दिल्या. दावा एखाद्या अमूर्त कल्पनेवर आहे का? असेल, तर त्यात साध्या संगणकापलीकडे काही सर्जनशील भर आहे का? नसेल, तर पेटंट नाही.

बिलिंगच्या पेटंटांवर ही कुऱ्हाड सर्वांत जोरात पडली, कारण हिशेब हा संगणकाच्या कितीतरी आधीचा. त्याच वर्षी डिसेंबरात वेल्स फार्गोविरुद्धच्या खटल्यात कागदावरून माहिती टिपून साठवण्याची पेटंटं बाद झाली. चेकवरची रक्कम आणि खातेक्रमांक वाचून वहीत उतरवण्याचं काम बँकेतली माणसं केव्हापासून करत आली आहेत, असं न्यायालयाचं साधं म्हणणं. कलम १८चं मंडळही जोरात होतं. पहिला अर्ज सॅपनं केला, तो मार्ग खुला झाला त्याच दिवशी, १६ सप्टेंबर २०१२ला. व्हर्साटा या कंपनीच्या पेटंटात ग्राहकांचे आणि मालाचे गट-उपगट पाडून कुणाला कोणता भाव लावायचा हे ठरत होतं. म्हणजे इनव्हॉइसवर दराच्या रकान्यात जो आकडा पडतो, तो. ज्यूरीनं त्यासाठी सॅपवर ३४ कोटी ५० लाख डॉलर बसवले होते. मंडळानं २०१३मध्ये ते दावे रद्द ठरवले, २०१५मध्ये अपिलातही तेच झालं. आणखी एका कंपनीचं पेटंट होतं घरून मागवलेल्या वस्तूचे पैसे जवळच्या दुकानाच्या काउंटरवर भरण्याचं. बेड बाथ अँड बियाँडवर तिनं दावा लावला, आणि अॅलिसचा निकाल आल्यावरही तो मागे घेतला नाही. समोरच्यांच्या वकिलांचे ९ लाख ३१ हजार डॉलर तिलाच भरावे लागले.

म्हणून सगळी पेटंटं मेली असं कुणी समजू नये. यूएसएए ही टेक्सासची संस्था सैनिकांच्या कुटुंबांना विमा आणि बँकसेवा देते. शाखा नावापुरत्या, ग्राहक जगभर पांगलेले. म्हणून मोबाइलनं चेकचा फोटो काढून खात्यात जमा करण्याची सोय तिनं फार लवकर केली. तिच्या पेटंटांवरून वेल्स फार्गोविरुद्ध २०१९मध्ये २० कोटी आणि २०२०मध्ये १० कोटी २७ लाख डॉलरचे निकाल लागले. पुढच्या वर्षी तडजोड झाली. पीएनसी बँकेविरुद्धही २०२२मध्ये २१ कोटी ८० लाखांचा निकाल मिळाला. पीएनसी अपिलात गेली आणि जून २०२५मध्ये न्यायालयानं हे दावेही अमूर्त कल्पनेत मोडतात म्हणून तो निकाल उलटवला. मेहनत खरी, गरज खरी, ग्राहकही खरे. तरी निवाडा हाच. डेटाट्रेझरीपेक्षा यूएसएएची बाजू नैतिकदृष्ट्या कितीतरी भक्कम होती. अॅलिसच्या कसोटीला त्याचं सोयरसुतक नाही, आणि ही त्या कसोटीतली उणीव मानायला जागा आहे.

टिकलेल्या पेटंटांत एक फार बोलकं आहे. टेलिफोन आणि इंटरनेट कंपन्यांच्या बिलांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अॅमडॉक्सचं नाव पुण्याच्या आयटी वर्तुळात सगळ्यांना ठाऊक. तिचं मोठं केंद्र तिथेच आहे. २०१०मध्ये अॅमडॉक्सनं डब्लिनच्या ओपनेट या कंपनीवर दावा लावला. प्रश्न असा: ग्राहक इंटरनेट वापरतो तेव्हा त्याच्या खुणा राउटरवर, मेलच्या सर्व्हरवर, प्रवेशद्वारासारख्या यंत्रांवर विखुरलेल्या राहतात. एका नोंदीत फक्त पत्ता आणि किती माहिती गेली हे असतं, ग्राहकाचं नाव दुसऱ्याच यंत्राकडे असतं. या नोंदी जुळल्याशिवाय बिल निघत नाही. पूर्वी त्या सगळ्या एका जागी ओढून आणत, आणि त्या ओझ्यानंच जाळं तुंबे. पेटंटातली युक्ती अशी की ज्या यंत्रावर नोंद होते त्याच्या शेजारीच ती टिपायची, तिथल्या तिथे दुसऱ्या स्रोताशी जुळवून भरीव करायची आणि मगच पुढे पाठवायची. खालच्या न्यायालयानं अॅलिसचं नाव घेऊन हीही पेटंटं बाद केली. नोव्हेंबर २०१६मध्ये अपील न्यायालयानं दोन विरुद्ध एक मतानं ती वाचवली: बिल ही जुनी गोष्ट असली, तरी कामाची अशी विखुरलेली मांडणी ही संगणकाच्या जाळ्यातल्या अडचणीवरची तांत्रिक तोड आहे. तिसऱ्या न्यायमूर्तींना ते पटलं नाही. वादाचा शेवट व्यापारी पद्धतीनं झाला. २०२०मध्ये अॅमडॉक्सनं ओपनेट ही कंपनीच १८ कोटी डॉलरला विकत घेतली.

गंमत अशी की अटलांटिकच्या पलीकडेही या विषयाचा कायदा फोनच्या बिलानंच घडवला आहे. युरोपीय पेटंट कार्यालयाचं आजचं धोरण ज्या निर्णयावर उभं आहे, तो २००२चा कॉमविक निर्णय. कॉमविक या स्वीडिश कंपनीनं एकाच सिमकार्डावर दोन ओळखी ठेवल्या होत्या: एक कचेरीच्या फोनसाठी, दुसरी खासगी, म्हणजे खर्च आपोआप वेगळा. कार्यालयाच्या अपील मंडळानं म्हटलं, खर्चाची वाटणी ही तांत्रिक बाब नाही. ती तंत्रज्ञाला आधीच सांगितलेली गरज धरा, आणि मग ती पुरी करण्यात तांत्रिक कसब किती लागलं तेवढंच तोला. तसं तोलल्यावर फारसं काही उरलं नाही. इंग्लंडमध्ये २००६चा एअरोटेल निकाल याच्या उलट दिशेनं गेला. तिथला विषय आधी पैसे भरून फोन करण्याचा. संकेतांक दाबायचा, शिल्लक असेपर्यंत बोलायचं. न्यायमूर्ती जेकब यांनी पाहिलं की त्यासाठी एक खास एक्स्चेंज जोडावं लागतं, आणि ती यंत्ररचनाच नवी आहे. म्हणून पेटंट टिकलं. युरोपातली रीत अमेरिकेपेक्षा निदान आधी सांगता येण्याजोगी आहे: व्यापाराचा भाग बाजूला काढा, तंत्राचा भाग मोजा.

भारतानं दार आधीच लावून घेतलं. पेटंट कायद्याचं कलम ३(के), २० मे २००३पासून लागू, सांगतं की गणिती किंवा व्यापारी पद्धत, निव्वळ संगणक प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम हे शोध मानले जाणार नाहीत. डिसेंबर २००४च्या अध्यादेशानं हे दार किलकिलं करून पाहिलं होतं. २००५च्या कायद्यात संसदेनं ती दुरुस्ती गाळली. या कलमाची मोठी परीक्षा मुंबईच्या रेडिफनं घडवून आणली. शोधपानावरची जागा लिलावानं विकायची आणि कुणी क्लिक केलं की जाहिरातदाराच्या खात्यातून पैसे वळते करायचे, ही ओव्हर्चर कंपनीची पद्धत याहूकडे आली होती. अमेरिकेत याच पेटंटावरून गूगलवर दावा होता आणि ऑगस्ट २००४मध्ये गूगलनं आपले २७ लाख शेअर देऊन तो मिटवला. भारतात याहूच्या अर्जाला रेडिफनं विरोध केला, अर्ज फेटाळला गेला आणि डिसेंबर २०११मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळानंही तो व्यापारी पद्धतीत मोडतो असं ठरवलं. तिकडे ज्या कल्पनेचे २७ लाख शेअर मोजले गेले, तिची इकडे किंमत शून्य.

तरी प्रश्न मिटलेला नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१९मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात सांगितलं की तांत्रिक परिणाम दिसत असेल तर संगणकावरचा शोध म्हणून तो नाकारू नये. व्यापारी पद्धतींना मात्र ही सवलत नाही, हे त्याच न्यायालयानं २०२३च्या ओपनटीव्ही निकालात स्पष्ट केलं, आणि या मनाईचा संसदेनं फेरविचार करावा असंही सुचवलं. पेटंट कार्यालयाच्या मार्गदर्शक सूचना २०१५मध्ये निघाल्या, ओरड झाल्यावर स्थगित झाल्या, २०१६ आणि २०१७मध्ये बदलल्या, २०२५मध्ये पुन्हा नव्यानं आल्या. मुंबईच्या अँटॉप हिलवरच्या कार्यालयात फिनटेकचा अर्ज घेऊन जाणाऱ्या वकिलाला अजूनही सगळी मदार ‘तांत्रिक’ या एका विशेषणावर ठेवावी लागते.

भारतात यावरून मोठे खटले उभे राहिले नाहीत, त्याला कलमाइतकंच आणखी एक कारण आहे. इथल्या पैशांच्या देवाणघेवाणीचे रूळ सरकारनं आणि बँकांच्या सामायिक संस्थांनी घातले. चेकच्या प्रतिमेवर वटवण्याची पद्धत फेब्रुवारी २००८मध्ये दिल्लीत सुरू झाली, २०१३मध्ये मुंबईत आली. त्यासाठी कायदा २००२मध्येच बदलून ठेवला होता. यूपीआय आणि भारत बिल पेमेंट या दोन्हींचा कारभार मुंबईतल्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या छत्राखाली चालतो. ऑक्टोबर २०२०पासून जीएसटीत ई-इनव्हॉइस आलं. आधी ५०० कोटींवर उलाढाल असलेल्यांना, ऑगस्ट २०२३पासून ५ कोटींवरच्यांना. विक्रेत्याचं सॉफ्टवेअर ठरलेल्या साच्यात इनव्हॉइस सरकारी पोर्टलला पाठवतं. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, दस्तऐवजाचा प्रकार, त्याचा नंबर आणि आर्थिक वर्ष यांवरून ६४ अक्षरांची ओळख तयार होते आणि सहीशिक्क्यासह क्यूआर कोड परत येतो. साचा जाहीर, रीत जाहीर. त्यावर ‘हे आम्ही आधी केलं’ म्हणायला फारशी जागाच उरत नाही.

धोका आहे तो निर्यातीत. पुण्या-मुंबईतली जी कंपनी इनव्हॉइस वाचणारं, परचेस ऑर्डरशी ताळा करून भरण्याला लावणारं सॉफ्टवेअर अमेरिकेत विकते, तिला कलम ३(के)चं छत्र तिथे नाही. कलम १८चा मार्गही सप्टेंबर २०२०मध्ये मुदत संपून बंद झाला. अॅलिस आहे, आणि एप्रिल २०२५चा रीसेंटिव्ह निकालही आहे. नेहमीचं मशीन लर्निंग नव्या क्षेत्राला लावलं एवढ्यानं पेटंट मिळत नाही, असं त्यात अपील न्यायालयानं म्हटलं. इनव्हॉइस ‘एआय’नं वाचण्याच्या पेटंटांना तो आडवा येणार. पण हे बचाव वापरायलाही कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि तिथला खर्च फ्लॅगस्टारच्या ६ लाख डॉलरवरून कळतोच. म्हणून तिथले ग्राहक करारात एक कलम हमखास घालतात: या सॉफ्टवेअरमुळे आमच्यावर पेटंटाचा दावा आला, तर बचाव तुम्ही करायचा आणि भरपाई तुम्ही द्यायची. डेटाट्रेझरीच्या प्रकरणातही पेटंटांना मंडळापुढे खेचणाऱ्यांत बँकांना सॉफ्टवेअर पुरवणारी फिडेलिटी नॅशनल इन्फर्मेशन सर्व्हिसेस होती. तिच्या आकाराच्या कंपनीला ते झेपतं. पन्नास माणसांच्या कंपनीनं त्या कलमात जबाबदारीची कमाल रक्कम लिहून घ्यावी, ग्राहकानं स्वत: केलेले बदल त्यातून वगळावेत, आणि तडजोड करायची की लढायचं हा निर्णय आपल्याकडे ठेवावा. वाटाघाटीत या तीन मुद्द्यांवर सहसा शेवटच्या दिवशी, घाईघाईत बोलणं होतं.